रॉथमध्ये पैसे कधी वळवायचे, हे आम्ही कसं ठरवलं
मी डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त झालो. वय बासष्ट, घर अमेरिकेत, इलिनॉय राज्यात. तीस वर्षं पगारातून ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात टाकलेले पैसे आता आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात होते, नऊ लाख डॉलर. त्यातल्या एकाही डॉलरवर अजून कर भरलेला नव्हता.

कर भरून हे पैसे रॉथ आयआरए या दुसऱ्या प्रकारच्या खात्यात वळवले की पुढची वाढ करमुक्त, हे माहीत होतं. प्रश्न होता कधी आणि किती. तेव्हा जो तो घाई करत होता: २०१७ च्या कायद्याने कमी झालेले दर २०२५ अखेर संपणार, १२ टक्क्यांचे १५ होणार, २२ चे २५. मीही त्या भरात एकदम तीन लाख वळवायला निघालो होतो.

थांबलो ते ओळखीच्या एका वहिनींचे कागद पाहून. पती गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचं विवरणपत्र भरायला मी बसलो होतो. उत्पन्न फारसं घटलं नव्हतं, ठरावीक वयानंतर आयआरएमधून दरवर्षी सक्तीने काढावी लागणारी रक्कम तेवढीच होती. पण आता त्या एकट्या होत्या, आणि कराच्या टप्प्यांच्या मर्यादा निम्म्यावर आल्या होत्या, म्हणजे वरचा दर लवकर लागत होता. आकडा पाहून त्या गप्प झाल्या. मला ते फार लागलं.

त्या रात्री मी माझ्या बायकोसाठी हिशेब मांडला. माझा जन्म १९६१ चा, म्हणजे सक्तीची रक्कम पंच्याहत्तरीपासून. सहा टक्क्यांनी बारा वर्षांत नऊ लाखांचे अठरा होतात. त्याला कर खात्याच्या तक्त्यातल्या पंच्याहत्तरीच्या २४.६ या आकड्याने भागलं की पहिल्याच वर्षी ७३ हजार काढावे लागणार, वर सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन. दोघं असू तोवर निभेल. मी नसलो तर तिला २२ टक्के, पुढे २४ सुद्धा.

मग उत्तर सापडलं. पगार थांबलाय आणि सोशल सिक्युरिटी मी सत्तरीला घेणार, म्हणजे २०२४ ते २०३० ही मधली वर्षं आमची. दरवर्षी १२ टक्क्यांचा टप्पा काठापर्यंत भरायचा, २२ ला हात लावायचा नाही. आज २२ भरून उद्याचे २२ वाचवण्यात काय मिळवलं?

२०२४ मध्ये बायकोचा शाळेतला पगार आणि बँकेचं व्याज मिळून ५० हजार होत होते. प्रमाणित वजावट २९,२०० आणि टप्प्याची मर्यादा ९४,३००, म्हणजे जागा उरली ७३,५००. ती डिसेंबरपर्यंत नीट कळत नाही, आणि एकदा वळवलेले पैसे २०१८ पासून परत फिरवता येत नाहीत. म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबून ७० हजार वळवले. जादा कर सुमारे ८,३५० डॉलर. इलिनॉय निवृत्तीच्या पैशांवर कर घेत नाही, त्यामुळे राज्याचा शून्य. आरोग्य विमा बायकोच्या नोकरीतून होता, नाहीतर उत्पन्नानुसार मिळणाऱ्या विम्याच्या सवलतीचंही गणित यात आलं असतं. मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीपासूनच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ता दोन वर्षांआधीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून त्रेसष्टीपासूनच तिकडे लक्ष हवं. ज्या मर्यादेपुढे हा हप्ता वाढतो, तिच्या आम्ही बरेच खाली होतो.

पैसे वळवण्याच्या अर्जात एका ठिकाणी मात्र सावध राहा. १० टक्के कर कापून घेण्याची खूण आधीच केलेली होती. तशीच राहिली असती तर रॉथमध्ये ७० ऐवजी ६३ हजारच गेले असते. ती काढली आणि कर बचत खात्यातून भरला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बाजार कोसळला तेव्हा ४० हजार लगेच वळवले, तेवढ्याच रकमेत जास्त युनिट गेले. जुलैमध्ये नव्या कायद्याने ते कमी दर कायम केले आणि सगळ्यांची घाई ओसरली. आमचा बेत मात्र बदलावा लागला नाही.

डिसेंबरमध्ये उरलेले ३५ हजार बायकोने स्वतः वळवले. मी शेजारी बसलो होतो. त्या १० टक्क्यांच्या खुणेपाशी ती आपणहून थांबली.