कीर्तन चालू, पोर्टल बंद

परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि आमचा सहा वर्षांचा राउटर गेला. जळका वास आला, दिवे विझले ते विझलेच. फायबर ज्यात येते ती भिंतीवरची ओएनटी नशिबाने वाचली.

मी साताऱ्यात राहते. सतरा-अठरा दुकानदारांचे हिशेब घरूनच लिहिते आणि त्यांचे जीएसटीचे रिटर्नही भरते. दर महिन्याची २० तारीख म्हणजे ३बीची, म्हणजे त्यातल्या मासिक रिटर्नची शेवटची मुदत. चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. ते पैसे माझ्या पक्षकाराच्या खिशातून जातात आणि माझा शब्द जातो तो वेगळाच. वीज पडली त्या दिवशी १५ तारीख होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून नवा राउटर आणला. नववीतल्या मुलाने डबा उघडला, जुन्या वहीत लिहून ठेवलेला युजरनेम-पासवर्ड टाकला आणि वायफाय सुरू झाले. मला हायसे वाटले.

जीएसटीचे पोर्टल मात्र उघडेना. पत्ता टाकला की टॅबवरचे चक्र फिरायचे, फिरतच राहायचे आणि दोन-अडीच मिनिटांनी उत्तर यायला फार वेळ लागतोय असे सांगून ब्राउझर थांबायचा. मला वाटले, शेवटच्या दिवसांतली गर्दी असेल. तासाभराने परत बघितले, तेच. मग बँकेची साइट लावली, तीही पांढरीच. कराडच्या एका मैत्रिणीला फोन केला, ती हेच काम करते. तिच्याकडे सगळे व्यवस्थित चालू होते.

“अगं, नेट तर चालू आहे की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “माझं कीर्तन लागलंय.” खरेच लागले होते. यूट्यूब एकदाही न थांबता चालत होते. गूगलवर शोधलेले येत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जात होते. फक्त दसऱ्याला काढलेले फोटो नणंदेला पाठवले होते, ते जात नव्हते, नुसते गोल फिरत होते. त्या फोटोंकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. द्यायला हवे होते.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेच्या बेरजा, जुळली नाही की नवखा माणूस सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून बघत बसतो. माझे गुरू तसे करू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, फरक कुठल्या खात्यापर्यंत येत नाही ते आधी शोध, मग उरलेल्यात बघ. नेटच्या बाबतीत मला हे सुचायला पूर्ण दीड दिवस लागला. तोवर लोक सांगतील ते मी करत होते. राउटर बंद-चालू केला. ब्राउझरचा साठा पुसला, त्यात जतन केलेले सगळे लॉगिन गेले. कुणीतरी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा, बदला म्हणाले म्हणून लॅपटॉपमध्ये ८.८.८.८ टाकले. फरक शून्य. उलट आता मूळचे काय होते आणि मी काय बदलले हे मलाच आठवेना. तेव्हा एक कोरी वही काढली आणि जे करेन ते वेळेसकट लिहायला लागले. डीएनएस पुन्हा होते तसे केले.

दरम्यान ज्यांचे कागद तयार होते अशा तीन जणांचे रिटर्न मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरले. आमच्या घरात रेंज येते ती गॅलरीच्या एका कोपऱ्यात. पाऊस आत येत होता, लॅपटॉपवर टॉवेल धरून बसले. पण त्यातून एक गोष्ट कळली: लॅपटॉप ठीक आहे, पोर्टलही ठीक आहे. ती दोन खाती तिथेच बंद.

१७ तारखेला आमच्या नेटवाल्यांचा माणूस आला. तरुण मुलगा, भिजलेला, पण कामाला स्वच्छ. ओएनटीवरचे दिवे मला दाखवले. “ताई, हा पॉनचा हिरवा स्थिर आहे ना, म्हणजे फायबर जुळलंय. लॉसचा लाल पेटला असता तर तार तुटली समजायचं.” मग त्याने राउटरची वायर काढून थेट आपल्या लॅपटॉपला लावली, माझाच युजरनेम-पासवर्ड टाकून डायल केले आणि पोर्टल उघडून दाखवले. दोन सेकंदांत. बँकही उघडली. “लाइन ओके आहे ताई, राउटरचं बघा.”

राउटर घेऊन मी दुकानात गेले. तिथल्या माणसाने आपल्या लाइनला जोडला, यूट्यूब लावले. “व्हिडिओ चालतायत की मॅडम. राउटर खराब असता तर हे चाललं असतं का?” त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. लाइन चांगली, राउटर चांगला, लॅपटॉप चांगला, आणि माझ्या टेबलावर तिन्ही एकत्र आले की पान उघडत नाही. घरी परतताना रिक्षात मला रडू यायचे बाकी होते.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो नेटवर्किंगमध्येच नोकरीला आहे, रात्रपाळी असते, म्हणून आधी त्रास द्यायचा नाही असे ठरवले होते. “आत्या, तू पहिल्याच दिवशी का नाही फोन केलास?” म्हणाला. मग मी वहीतले वाचून दाखवले. व्हिडिओ चालतो, निरोप जातो, फोटो जात नाही, पान अडकते. फोटो म्हटल्यावर तो थांबला. “फोटो जात नाही? शब्द जातात आणि फोटो जात नाही?” मग म्हणाला, “लॅपटॉप वायरने जोड. वायफायचा प्रश्न बाजूला काढू.”

लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून पिंग करायला लावले, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का बघायचे. १.१.१.१ हा पत्ता दिला. चारही वेळा उत्तर आले. म्हणजे घरापासून बाहेरच्या जगापर्यंत रस्ता आहे. मग पोर्टलच्या नावाचा पत्ता विचारायला लावला, तोही लगेच आला. म्हणजे डीएनएस निर्दोष, आणि मी उगाच त्याच्या मागे लागले होते.

“आता पिंगलाच दोन गोष्टी जोड. वजाचं चिन्ह आणि एफ, म्हणजे पुडकं वाटेत फोडायचं नाही. वजा आणि एल, म्हणजे पुडक्यात किती माल भरायचा. आकडा घाल १४७२.” घातला. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. चारही वेळा. “१४०० घाल.” चारही उत्तरे आली. १४५०, आली. १४७०, नाही. १४६०, आली. असे करत आम्ही वर-खाली सरकत गेलो आणि १४६४ ला उत्तर आले, १४६५ ला नाही. एका बाइटचा फरक. मी तीन वेळा करून पाहिले, कारण माझा विश्वास बसेना. इतका वेळ मला नेट चालू किंवा बंद, एवढ्या दोनच अवस्था माहीत होत्या. इथे एका आकड्याच्या अलीकडे चालू होते, पलीकडे बंद.

भाच्याने मग नीट समजावले. नेटवरून जाणारे सगळे छोट्या पुडक्यांत बांधून जाते. आपल्या घरातल्या वायरवर एका पुडक्याची कमाल मर्यादा १५०० बाइट, तिला एमटीयू म्हणतात. पण युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होते ना, ती पीपीपीओई पद्धतीची. ती प्रत्येक पुडक्यावर आपला ८ बाइटचा वेष्टनाचा कागद चढवते. मग मालाला उरतात १४९२. मी वहीत मांडले: १४६४ माल, ८ पिंगच्या चिठ्ठीचे, २० पत्त्याचे. बेरीज १४९२. ताळा तंतोतंत जमला! भर रात्री मी एकटीच टेबलावर हात आपटला.

“राउटरच्या पानावर जा आणि एमटीयूच्या चौकटीत काय आहे वाच.” तिथे १५०० होते.

म्हणजे आमचा राउटर समजत होता की दार १५०० चे आहे. तीच समजूत लॅपटॉपची आणि लॅपटॉपकडून समोरच्या साइटची. शब्दांचा निरोप लहान, तो निघून जायचा. फोटो मोठा, त्याची पुडकी काठोकाठ भरलेली, ती बाहेर पडतानाच गळायची. साइटचेही तसेच. सुरुवातीची नमस्कार-चमत्काराची पुडकी चिमुकली असतात, ती आली-गेली. मग साइट आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र पाठवते, ते पहिले मोठे पुडके. नेमके तेच वाटेत अडायचे. म्हणून चक्र दर वेळी त्याच जागी अडकून फिरत होते.

यूट्यूब का चालते हे मी मुद्दाम विचारले, कारण त्या कीर्तनानेच मला सगळ्यात जास्त फसवले होते. गूगलच्या सेवा बऱ्याचदा क्विक नावाच्या पद्धतीने बोलतात आणि तिची पुडकी मुळातच बेताची, साधारण १२०० ते १३५० बाइटची असतात. दारातून अलगद निघतात. दुकानदाराची परीक्षा म्हणूनच पास झाली होती. आणि नेटवाल्या मुलाच्या लॅपटॉपने स्वतः डायल केले तेव्हा त्याने आपले माप आपणच बरोबर धरले होते.

वाटेतल्या यंत्राला पुडके मोठे वाटले तर त्याने पाठवणाऱ्याला तशी चिठ्ठी उलट पाठवायची, हा नियम १९९० पासून लिहिलेला आहे. ज्या साइट ती चिठ्ठी वाचतात त्या पुडकी लहान करतात आणि उघडतात. पण काही ठिकाणचे पहारेकरी सुरक्षेच्या नावाखाली अशा सगळ्याच चिठ्ठ्या दारात अडवतात. पाठवणाऱ्याला कळतच नाही, तो तेच मोठे पुडके पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. मला हे फार लागले. चूक झाली तर चूक झाली, पण कळवायची सोय असताना ती बंद करून ठेवायची आणि समोरच्याला ताटकळत ठेवायचे, हे बरोबर नाही.

चौकटीत १४९२ टाकले, सेव्ह केले. राउटर परत सुरू होईपर्यंतचे दीड मिनिट मी फोन कानाला धरून उभीच होते. पुन्हा १४७२ चे पिंग केले. या वेळी ते गप्प बसले नाही. पुडके फोडावे लागेल आणि तू फोडू नको म्हटले आहेस, असे उत्तर तत्काळ आले. “बघ, आता राउटर खरं बोलायला लागला,” भाचा म्हणाला. “आता तो साइटना आधीच सांगून ठेवेल, १४९२ मधून पत्ता आणि जोडणीच्या चिठ्ठ्यांचे ४० वजा जाता १४५२ च्या वरचा तुकडा पाठवू नका म्हणून.” पोर्टल टाकले. उघडले. बँक टाकली. उघडली. आतापर्यंत मी कुठल्या लॉगिनच्या पानाकडे इतक्या मायेने पाहिले नव्हते.

राहिला एक प्रश्न. नव्या राउटरमध्ये १५०० आले कुठून? डब्यातल्या पुस्तिकेत तर मूळचा आकडा १४८० छापलेला होता. मी सकाळी मुलाला नुसते विचारले, या चौकटीत काही बदलले होतेस का. त्याचा चेहरा उतरला. जोडणी करताना त्याने एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात एमटीयू वाढवला की वेग वाढतो असे सांगितले होते. आजीचे कीर्तन अडकू नये म्हणून त्याने १५०० केले होते. दीड-दोन दिवस मी गॅलरीत भिजत बसलेली पाहूनही त्याला ते सुचले नाही, कारण त्याच्या लेखी त्याने चांगलेच केले होते. मी रागावले नाही. त्याला शेजारी बसवले, राउटरमध्ये पुन्हा १५०० टाकायला लावले आणि पिंग करून दाखवले. मग १४९२. मग त्यानेच वहीत बेरीज मांडली. सहामाहीचा अभ्यास होता, तरी तासभर त्याचे प्रश्न थांबेनात. १४०० ठेवले तर काय होईल? चालेल, पण पुडकी जास्त लागतील आणि प्रत्येकावर पत्त्याचा खर्च वाढेल. हे उत्तर मी भाच्याला न विचारता दिले.

१९ च्या रात्री साडेअकराला शेवटचा रिटर्न भरून झाला. नेटवाल्या मुलाला दुसऱ्या दिवशी फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला, “ताई, पिंगचा तो आकडा परत एकदा सांगा, लिहून घेतो. वाईला एका घरी हीच तक्रार आहे.” मी सांगितला, आणि आधी फोटो जातोय का ते विचार म्हटले.

राउटरच्या पाठीवर मुलाने चिकटपट्टीने एक कागद लावला आहे: एमटीयू १४९२, खाली तारीख. नणंदेला दसऱ्याचे फोटो १४९२ टाकले त्याच रात्री आपोआप पोचले होते. “इतक्या उशिरा गं?” असा तिचा निरोप मी सकाळी वाचला.