एकाच माणसाचे दोन खुबे

विदर्भात ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत तिशीच्या आतला पोरगा लंगडत आला, की मी एक्स-रेच्या आधी सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं, विचारतो. हाही त्यातलाच, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला. शेतमजुरी करणारा. गुडघा दुखतो म्हणून कितीतरी दिवस गुडघ्यालाच मलम चोळत होता. खुब्याचं दुखणं असं गुडघ्यात उतरतं आणि भल्याभल्यांना चकवतं.

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरतो. उजवा गोळा पार खचला होता. डावा एक्स-रेत ठीक वाटला, पण एमआरआयनं तिथंही मेलेलं हाड दाखवलं. आकार तेवढा शाबूत होता. उजवा खुबा बदलून कृत्रिम सांधा बसवायचं ठरलं.

"डावा बी बदलूनच टाका नं, साहेब. एकदाच काय तो तरास," पोरगा म्हणाला.

मी नाही म्हणालो. कृत्रिम सांधा वीसेक वर्षं चांगला चालतो, कधी जास्तही; पण या वयात बसवला तर पुन्हा बदलायची वेळ येणारच, आणि दर खेपेला हाड कमी उरतं. म्हणून डाव्याला कोअर डीकम्प्रेशन: बाहेरून गोळ्यापर्यंत भोक पाडून आतला दाब उतरवायचा. त्यानं गोळा वाचेलच याची खात्री नाही, हेही बापलेकांना स्पष्ट सांगितलं.

सिकलसेलच्या पेशंटला थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्ही चालत नाहीत. आधी रक्त दिलं, सलाईन चालू ठेवलं. भूलतज्ज्ञ मॅडमनी एसी बंद करायला लावला; आम्ही गाऊनमध्ये घामाघूम.

डावा सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, पटकन उरकला. उजव्यानं मात्र घाम काढला. मांडीच्या हाडाची पोकळी कडक हाडानं बुजलेली, ती कोरून रुंद करणारा रीमर आत शिरेना. अशा वेळी जोर लावला की हाड फुटतं किंवा रीमर बाजूनं बाहेर येतो. बारीक गाइडवायर घातली, थोडं पुढे गेलं की सी-आर्ममध्ये बघायचं, मग सगळ्यात लहान रीमर. एरवी काही मिनिटांचं काम, त्या दिवशी संपता संपेना. शेवटी बिनसिमेंटचा स्टेम, म्हणजे कृत्रिम सांध्याचा हाडात उतरणारा दांडा, घट्ट बसला.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा केला. उजव्यावर भार दे, भोक पाडलेल्या डाव्यावर सहा आठवडे पूर्ण भार नको, म्हटल्यावर बाप चक्रावला. "नवा पाय चालते, अन् घरचाच नाही?"

घरी संडास उकिडवं बसायचा, ते नव्या सांध्याला चालत नाही, म्हणून त्यांना उंच खुर्चीची सोय करायला सांगितलं. डिस्चार्जच्या दिवशी बापानं प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं होतं. खुर्चीचे पाय डुगडुगत होते. वॉर्डबॉयकडून लोखंडी कमोड-खुर्ची कुठे मिळेल ते विचारून घेतलं, मगच सोडलं.