टँकरचे लिटर कुठे लिहायचे?

एप्रिल उजाडला की आमच्या इमारतीतल्या भाडेकरू कंपन्यांचे ईमेल सुरू होतात. पुण्यात खराडीतल्या एका अकरा मजली ऑफिस इमारतीचं वीज-पाणी मी बघते. पॅनेल रूम, पंप, चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र), डीजी (डिझेल जनरेटर), एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), सगळं माझ्याकडे. ईमेलमधली मागणी बहुतेक एकच असते: ३१ मार्चला संपलेल्या वर्षात आमच्या वाट्याला किती वीज, किती डिझेल, किती पाणी आलं ते कळवा.

ही मागणी वाढण्याचं कारण सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा झाला. त्यात ऊर्जा आणि पाणी आकड्यांत सांगावं लागतं. पाण्याचा तक्ता तर स्रोतानुसार आहे: भूपृष्ठावरचं किती, भूजल किती, त्रयस्थाकडून घेतलेलं किती. मला हा तक्ता मनापासून आवडतो, कारण पुण्यात कुणी सहसा न विचारलेला प्रश्न तो सरळ विचारतो.

विजेचं काम त्या मानाने सोपं. महावितरणचं बिल आहे, प्रत्येक मजल्याला सबमीटर आहे. सीटी मीटर मोठ्या प्रवाहाचा ठरावीक अंशच मोजतो, म्हणून त्यावर दिसणारा आकडा गुणकाने गुणायचा, बिलाचा कालावधी महिन्याच्या तारखांशी जुळत नसेल तर दिवसांच्या हिशेबाने विभागायचा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. डिझेलचे लिटर खरेदीच्या पावत्यांवरून आणि टाकीतल्या पातळीवरून मिळतात. सोलरचं मीटर वेगळं आहेच. संध्याकाळपर्यंत तक्ता तयार होतो.

पाण्याशी आलं की अडतं. महापालिकेच्या लाइनला मीटर आहे. बोअरला नाही. आणि टँकर? टँकर अकाउंट्सच्या वहीत रुपयांत नोंदलेला असतो. 'पाणी खर्च, मे महिना' असं लिहून एक रक्कम. लिटर शोधायला गेलं तर गेटवरच्या केबिनमध्ये तारेत खोवलेली चलनं काढावी लागतात, त्यातली निम्मी पावसात भिजून पुसट झालेली.

नगर रस्त्याच्या या पट्ट्यात १ जानेवारी २०२१ ला भामा-आसखेड धरणाचं पाणी आलं तेव्हा खूप दिलासा मिळाला. तरी उन्हाळ्यात टँकर लागतातच, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी टँकर ठरलेलाच. पेपरमध्ये खडकवासला धरणसाखळीचा साठा रोज छापून येतो, २९.१५ टीएमसीपैकी किती उरला ते घराघरांत माहीत असतं. पण आपल्याच बिल्डिंगच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, काल किती लिटर पडलं हे विचारा. धरणाचा हिशेब आपल्याला पाठ आणि संपचा माहीत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

चलनावर १०,००० लिटर लिहिलेलं असतं. तेवढं आलं का, हे बघायला फार काही लागत नाही. आमचा संप आतून ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आहे. म्हणजे १०,००० लिटर पडले की पातळी ३३ सेंटिमीटरने चढायला हवी. प्लंबर काकांनी आतल्या भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या. टँकर लागण्याआधी पंप बंद करायचे, पातळी वाचायची, टँकर रिकामा झाला की पुन्हा वाचायची. गेटवरचा सुरक्षारक्षक दोन्ही आकडे चलनावरच लिहितो. फ्लो मीटर बसवायला मंजुरी मिळेल तेव्हा मिळेल, त्यासाठी हिशेब अडून राहायला नको.

माझा आग्रह मात्र याहून थोडा पुढचा आहे. वीज आणि पाणी एकाच पानावर लिहा. बहुतेक इमारतींत विजेचं लॉगबुक इलेक्ट्रिशियनकडे आणि पाण्याचं, असलंच तर, प्लंबरकडे असतं, आणि दोघं एकमेकांची वही कधी उघडत नाहीत. प्रत्यक्षात वॉटर-कूल्ड चिलर एक टनाच्या भाराने (टन हे इथे गारव्याचं माप) तासभर चालला की त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून साधारण ६ लिटर पाणी वाफ होऊन जातं. पाणी गच्चीवर चढवायला वीज लागते. एसटीपीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला तर दिवसरात्र वीज लागते. हे दोन हिशेब वेगळे ठेवणं म्हणजे एकाच माणसाची नाडी एका डॉक्टरने आणि ताप दुसऱ्याने बघण्यासारखं आहे.

याचा प्रत्यय मागच्या मार्चमध्ये आला. आमच्याकडे रात्री १० आणि सकाळी ६ अशी दोन रीडिंग घेतात. रात्री ऑफिस बंद, चिलर बंद, त्यामुळे गच्चीच्या टाकीचा पंप चालायचं कारणच नसतं. त्या रकान्यात एरवी जवळजवळ शून्य असतं. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन सकाळी म्हणाला, "मॅडम, पंपाचे अडीच-तीन युनिट पडलेत. कालही पडले होते." अडीच-तीन युनिट महिन्याच्या बिलात कुणाला दिसणार? पण ४५ मीटर उंचीवर १००० लिटर चढवायला, पंप आणि मोटरची घट धरून, पाव युनिटच्या आसपास लागतं. म्हणजे रात्रभरात सुमारे १०,००० लिटर कुठेतरी जात होतं. प्लंबर काका सरळ गच्चीवर गेले. कूलिंग टॉवरच्या बेसिनमधला, पातळी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह अडकला होता आणि गच्चीच्या टाकीतून येणारं मिनिटाला वीसेक लिटर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून गटारात चाललं होतं. रोज रात्री जवळपास एक टँकर. पाण्याची गळती विजेच्या मीटरने सांगितली, आणि ती पकडली रात्रपाळीच्या मुलाने. महिनाअखेरच्या अहवालात त्याचं नाव मी लिहिलं. रीडिंग घेणाऱ्याला त्या आकड्याचं पुढे काय होतं ते कळलं पाहिजे, नाहीतर तो कालच्याच आकड्यात अंदाजाने भर घालून आजचा रकाना भरणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आता एकूण वापराला कशाने भागायचं त्याबद्दल. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ पासून ऑफिस इमारतींना तारांकन द्यायला सुरुवात केली. त्याचा पाया म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट. पण चौरस मीटर कुठले? पुण्यात एकाच मजल्याचे कार्पेट, बिल्ट-अप आणि सेलेबल असे तीन आकडे मिळतात, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या, सेलेबलने भागलं की कुठलीही इमारत गुणी दिसते. अहवालाच्या पहिल्याच ओळीत क्षेत्रफळ कुठलं धरलंय ते लिहावं, पार्किंग वगळलंय का तेही. शिवाय निम्मे लोक घरून काम करत असतील तर दर चौरस मीटरचा आकडा आपोआप सुधारतो. म्हणून मी गेटच्या कार्डांवरची हजेरी घेऊन दर माणशी आकडाही देते. राष्ट्रीय इमारत संहिता ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरते. त्याच्याशी ताडून बघताना कूलिंग टॉवरचं पाणी वेगळं काढावं लागतं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. एसटीपीतून फ्लशला परत आलेलं पाणी ताज्या पाण्यात पुन्हा मोजलं जात नाही ना, हेही तपासावं लागतं.

न्यूयॉर्कने २००९ मध्ये लोकल लॉ ८४ केला. आधी ५०,००० चौरस फुटांवरच्या आणि पुढे २५,००० वरच्या इमारतींना दरवर्षी १ मेपर्यंत वीज-पाण्याचा वापर शहराला कळवावा लागतो, आणि शहर ते आकडे इमारतवार जाहीर करतं. कुणीही नागरिक उघडून बघू शकतो. मला पुण्यासाठी हेच हवं आहे. सोलर, गांडूळखत, पर्जन्यसंचय केलं तर महापालिका मिळकतकरात सवलत देते, ते चांगलंच आहे. पण सवलत यंत्रणा बसवल्याची असते. ती यंत्रणा वर्षभर चालली का, तिच्यामुळे किती पाणी वाचलं, हे मोठ्या इमारतींनी दरवर्षी लिटरमध्ये सांगावं आणि ते सगळ्यांना दिसावं. टँकरचं पाणी त्यात वेगळ्या रकान्यात हवंच.

बोअरला मीटर बसवायचा प्रस्ताव मी मालकांकडे दिला आहे. भाडेकरू कंपन्यांपैकी दोघींनी त्याला लेखी पाठिंबा दिला, कारण भूजलाचा रकाना त्यांनाही भरायचा आहे. तुमच्या इमारतीत वीज आणि पाण्याचा एकत्र तक्ता ठेवत असाल तर त्यात कुठले रकाने आहेत ते मला जरूर कळवा. माझ्या तक्त्याचा कोरा नमुना हवा असेल तर पाठवते, एक्सेलमध्ये आहे, आणि संपची लांबी-रुंदी टाकली की टँकरचे लिटर तो स्वतःच काढतो.