तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशानं?

माझ्या दुखण्याबद्दल ज्यांना कळतं ते बहुतेक सगळे एकच विचारतात : "आमचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी सांधे धरतात, अंग ठणकतं. तुमचं निदान शेवटी झालं कसं?" विचारताना आवाजात धास्ती असते, आपलं दुखणं मनाचे खेळ तर ठरणार नाही ना, अशी. म्हणून सविस्तर सांगते.

माझा आजार रक्तात सापडलाच नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवातासाठीच्या दोन्ही रक्तचाचण्या निगेटिव्ह, शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारा ईएसआरही मर्यादेत. "टेन्शन घेऊ नका" हे मात्र जाईन तिथे ऐकलं. शेवटी संधिवाताच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या मूठ वळते का? नाही, तर किती वेळानं वळते?" मला तासाच्या वर लागायचा. मग त्यांनी माझा पंजा बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला आणि मी कळवळले. हाताच्या सोनोग्राफीत त्याच सांध्यांच्या अस्तराला सूज दिसली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. या आजाराच्या दर पाच रुग्णांत निदान एकाचा तरी आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. उलट, ठणठणीत माणसांतही तो कधी कधी पॉझिटिव्ह निघतो, एएनए या अशाच आणखी एका रक्तचाचणीचंही तसंच. त्यामुळे नुसत्या कागदावरून ना घाबरावं, ना निर्धास्त व्हावं.

तेव्हा आणखी चाचण्या करण्याआधी आपलं दुखणं नीट सांगता येईल एवढी तयारी करा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो की तासभर राहतो? हालचालीनं बरं वाटतं की वाढतं? झिजेचं दुखणं सहसा कामानं वाढतं आणि विश्रांतीनं बसतं. दाहाचं, म्हणजे आतून सूज आल्यानं होणारं, बरेचदा उलट असतं, पडून राहिलं की जास्त आखडतं. तरुण वयात कंबर पहाटे दुखून जाग येत असेल आणि चालल्यावर मोकळी होत असेल, तर ते आवर्जून सांगा, कारण मणक्याच्या संधिवातात सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. सोरायसिस हा त्वचेचा आजार, डोळे लाल होऊन दुखणं, अलीकडचा चिकुनगुन्या, यांचा सांध्यांशी काय संबंध असं वाटतं, पण संबंध असतो.

स्नायू दुखत असतील तर एक फरक महत्त्वाचा : खुर्चीतून उठताना दुखतं, की उठायची ताकदच राहिली नाही? ताकद कमी झाली असेल तर रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासायला हवं, आणि लवकर. थायरॉइड मंदावणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, ही कारणं साधी वाटतात, पण अंगदुखीच्या मुळाशी ती खूपदा असतात. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या अचानक जखडल्या, तर पॉलिमायल्जिया या दाहाच्या आजाराचा विचार होतो.

आणि फायब्रोमायल्जिया. याचा उल्लेख झाला की "म्हणजे काहीच नाही" असं लोक धरून चालतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणं, झोप होऊनही ताजंतवानं न वाटणं, डोकं जड राहणं. यात वेदना जाणवून देणारी मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, १९९० सालच्या निकषांतले १८ दुखरे बिंदूही आता मोजावे लागत नाहीत. पण ते खरं निदान आहे आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची घडी, काही औषधं यांनी फरक पडतो.

दोन गोष्टी अगदी व्यवहाराच्या. सूज सकाळी असते आणि अपॉइंटमेंट दुपारची, म्हणून सूज दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि तपासणीआधी कोणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा, कारण त्यानं सूज दबते आणि चित्र पुसट होतं. ताप असून एकच सांधा लाल, गरम झाला किंवा लघवी काळपट होऊ लागली, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिल्या भेटीत नाव मिळेलच असं नाही. काही आजार उमटायलाच महिने घेतात. तेव्हा "सध्या काही दिसत नाही" असं ऐकलंत तर पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख घेऊनच खुर्चीतून उठा.