औषध घरात आहेच

"मॅडम, यांना जरा समजावून सांगा." बहुतेक नातेवाईक दारातच हे वाक्य माझ्या हातात देतात. दोष त्यांचा नाही. आमच्या कामाचं नावच 'समुपदेशन', त्यात उपदेश ठासून भरलेला. मग माणूस खुर्चीत येऊन बसतो तो मान खाली घालून, शाळेतल्या शिक्षेला बसल्यासारखा.

नाशिकला गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्यामागची खोली मी भाड्याने घेतली आहे. भिंतीपलीकडे ड्रिलची घरघर चालू असते आणि अलीकडे कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्याने रडत असतं. अकरा वर्षं हेच चाललंय. नोव्हेंबरातल्या बेमोसमी पावसानंतरच्या आठवड्यात निफाड तालुक्यातून एक पुतण्या काकांना घेऊन आला, तेव्हाही तेच वाक्य. (ओळख पटेल ते सगळं बदललंय. शब्द मात्र त्यांचेच.)

काका पन्नाशीचे, दोन एकर थॉम्पसन द्राक्षं. मागच्या हंगामात २०६ क्विंटल माल ३१ रुपये किलोने व्यापाऱ्याला दिला. चेक वटला नाही आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. यंदा कर्ज काढून छाटणी केली, तर ऐन फुलोऱ्यात पाऊस. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ होते, कूज लागते, वर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती. झोप नाही, जेवण नाही, बागेत पाऊल नाही.

आमच्याकडे नैराश्यासाठी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, पीएचक्यू-९. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा. फॉर्म त्यांनी बाहेरच्या बाकावर भरून आणला. नवव्या प्रश्नासमोर 'अजिबात नाही'. मी बेरीज केली आणि पुढे गेले. हे लक्षात ठेवा.

पहिल्या भेटीत मी फारसं बोलले नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची ही वाट मला आवडते: माणसाला जोखायचं नाही, सुधारायला जायचं नाही, त्याचं म्हणणं त्याला ऐकू येईल असं परत त्याच्यासमोर ठेवायचं. नातेवाइकांना वाटतं मॅडम नुसत्या हूं हूं करतात, त्याचे पैसे कसले घेतात? हूं कुठे म्हणायचं नाही हे शिकायला मला चार वर्षं लागली.

दुसऱ्या भेटीत मात्र मी हुशारी केली. सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपीचा तक्ता काढला. मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी साठच्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना ही पद्धत बसवली. मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे आणि पुराव्यावर घासून बघायचे. रकाने असे: प्रसंग, विचार, भावना, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी विचार. हल्ली शनिवार-रविवारचा कोर्स करून लोक हा तक्ता सर्दीपडशालाही वाटतात, त्याबद्दल मी सगळीकडे नाकं मुरडत असते. त्या दिवशी मीही तेच केलं.

'विचार'च्या रकान्यात काकांनी लिहिलं, 'मी फसलो.' मी म्हटलं, आता पुरावा लिहा. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा काढला. वजनकाट्याच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, आणि वर बँकेने परत केलेला चेक. सहा लाख अडतीस हजार सहाशे. पुरावा त्यांनी टेबलावरच मांडला.

तरीही मी रेटलं. "पण सगळेच व्यापारी तसे नसतात ना?"

"सगळ्यांचं मी म्हणलोच नाही मॅडम. एकाचंच म्हणलं."

विरुद्ध पुराव्याचा रकाना कोराच राहिला. बरोबरच होतं. तो विचार विकृत नव्हता, ती बातमी होती.

साडेबाराला ते उठले. दारापाशी पोचल्यावर सवयीने मी विचारलं, "गोळ्या-औषध काही चालू आहे का?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "औषधाचं काय, घरात आहेच." मी लिहून घेतलं. 'औषध: घरी आहे.' डबा खाल्ला. शेपूची भाजी होती, हेही आठवतंय.

दोनच्या सुमाराला नोंदी लिहायला बसले तर पहिल्या दिवशीच्या कागदावर माझ्याच अक्षरात होतं: 'पूर्वी कुठलेही उपचार नाहीत. डॉक्टरकडे गेलेले नाहीत.' मग घरात औषध कुठून आलं?

आमच्या जिल्ह्यात राहून मला हे कळू नये! औषध 'घेतात' ते शहरात. द्राक्षवाल्याच्या घरी औषध 'मारतात'. आणलेलं असतं, कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलेलं असतं, पाऊस झाला की रात्री-अपरात्री बागेत न्यावं लागतं. त्या घरात 'औषध' म्हटलं की आधी तेच.

फॉर्म पुन्हा काढला. आठ उत्तरांवरच्या खुणा काळ्या शाईच्या, थरथरत्या. नवव्यावरची निळी आणि ठसठशीत. ती पुतण्याने केली होती. काकांनी तो प्रश्न सोडून दिला होता.

काकांचा फोन लागेना. पुतण्या अंबडला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये. काकूंचा नंबर मी घेतलाच नव्हता. 'घरातल्या दोघांचे नंबर' असा रकाना माझ्या फॉर्मवर छापलेला आहे, मीच छापून घेतलाय. कंपनीच्या गेटवर फोन करून सुपरवायझरला विनवणी केली आणि काकूंचा नंबर मिळेपर्यंत तीन वाजून गेले. तेवढ्यात काकांचाच फोन लागला. मागे एसटीचा आवाज.

"काका, सकाळी औषध म्हणालात, ते कुठलं?"

बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. मग, "फवारणीचं."

अशा वेळी आडवळणाने विचारायचं नसतं. सरळ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मी विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतंय का?"

"येतंय परवापासून." आणि मग म्हणाले, "तुम्ही लिहून घेतलं की मॅडम. मी बघितलं. म्हणलं, यांना कळलं. कळूनबी काही बोलल्या नाहीत."

ते फाट्यावर उतरून चहाच्या टपरीवर बसले, मी फोन सोडला नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतंच, की इथलं बोलणं इथेच राहील, जिवाला धोका असला तरच घरी कळवीन. दुसऱ्या फोनवरून काकूंशी बोलले. औषधाच्या खोलीला कुलूप, किल्ली काकूंकडे. रात्री कुणीतरी सोबत. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बरोबर जाऊन मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. तपासायला सहा मिनिटं घेतली, पण ती सहा मिनिटं नीट दिली, हेही सांगायला हवं.

पुढे मी तक्ता गुंडाळून ठेवला. आधी अडचणीचेच तुकडे पाडले: चेकच्या केसला वकील, बँकेत अर्ज, बागेतला वाचेल तेवढा भाग. मग रोज सकाळी बागेत एकच ओळ चालायची, मन असो वा नसो. मन लागलं की काम करू, हा क्रम नैराश्यात चालत नाही. आधी पाय हलवावे लागतात.

सहाव्या भेटीत खरी गाठ सापडली. त्याच व्यापाऱ्याला माल दे, असं त्यांनी मेव्हण्यालाही सांगितलं होतं. मेव्हणा अजून एका शब्दाने बोललेला नाही, हेच सहन होत नव्हतं. 'मी फसलो' नव्हे, 'मी नालायक.' इथे मात्र मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस कामाला आले. १९५५ पासून ते हेच सांगत होते: एक चूक म्हणजे अख्खा माणूस नव्हे, आणि वाईट झाल्याचं दुःख वेगळं, स्वतःला मोडीत काढणं वेगळं. हेच मी दुसऱ्या भेटीत सांगितलं असतं तर काकांनी पिशवी उचलली असती.

माझ्या वरिष्ठ मैत्रिणीला हे सांगितलं. ती प्रत्येक केसमध्ये बालपण शोधते, सापडतंही तिला. ती म्हणाली, "अडीच तासांत पकडलंस, पुरे झालं." १९३६ साली मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी शंका काढली होती, की वेगवेगळ्या पद्धतींना यश येतं ते त्यांच्यातल्या समान गोष्टींमुळे असावं. आमच्यातले बरेचजण हे ऐकून निवांत होतात, नातं जमलं की झालं. पण आमचं नातं जमलेलं होतं. म्हणूनच त्यांनी दारात ते वाक्य टाकलं. आणि ते अडीच तास ते एसटी स्टँडवर बसून होते. घरी जाणारी गाडी त्यांनी दोनदा सोडली होती. हे मला फार उशिरा कळलं, मी विचारलंही नव्हतं.

तो नोंदीचा कागद मी बदललेला नाही. नोंद खोडायची नसते. खाली तारीख-वेळ टाकून दुसरी ओळ लिहिली आहे.

परवा दोघं आले होते. किल्ली अजून काकूंच्या कमरेलाच आहे. फवारणीला पहाटे खोली उघडायला त्यांना उठावं लागतं, त्यावरून माझ्यासमोर दोघांची जुंपली. काकू म्हणाल्या, जरा उजाडू तर द्यावं. काका माझ्याकडे वळले, "सांगा ना मॅडम हिला. डाऊनी काय हिला विचारून येतो का?"