आमची वाटचाल : दुरुस्तीच्या गाळ्यापासून डाळमिलच्या चॅट सर्व्हरपर्यंत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक गाळा भाड्याने घेऊन आम्ही दोघा भावांनी संगणकदुरुस्ती सुरू केली, तेव्हा एमआयडीसीतील डाळमिलचे अडलेले प्रिंटर हाच आमचा मुख्य धंदा होता. मिलमध्ये जाणेयेणे वाढले, तशी मालकांची खरी अडचण कानावर येऊ लागली. तूर-हरभऱ्याचे भाव, दलालाशी ठरलेला सौदा, ट्रकचा नंबर आणि वजनकाट्याची पावती हे सारे कारकुनांच्या स्वतःच्या मोबाइलवरून फिरत असे, आणि कारकून नोकरी सोडून गेला की अख्ख्या हंगामाचे निरोप त्याच्याबरोबर निघून जात. इंटरनेट बंद पडले, तर गोदाम आणि ऑफिस यांच्यात पुन्हा चिठ्ठ्या सुरू होत. मिलच्या आतल्याच वाय-फायवर चालणारा आणि निरोप मिलच्याच डिस्कवर जपणारा चॅट सर्व्हर बसवून द्यावा, असे आम्हाला तेव्हा सुचले.

त्यासाठी एक्सएमपीपी या निरोपांच्या देवाणघेवाणीच्या खुल्या प्रोटोकॉलवर (नियमसंचावर) चालणारा, अर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला एजॅबर्डी हा चॅट सर्व्हर आम्ही निवडला. पहिल्या दोन-तीन मिलमध्ये तो थेट संगणकावर बसवला आणि पस्तावलो, कारण प्रत्येक ठिकाणी लिनक्सची आवृत्ती निराळी होती आणि एका जागी चाललेले अपडेट दुसऱ्या जागी अडत असे. २०१३ मध्ये खुले झालेले डॉकर, म्हणजे एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फाइलींसह 'कंटेनर' नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर, तोवर बऱ्यापैकी रुळले होते. कंटेनर स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम उभी न करता यजमान संगणकाचेच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) वापरतो, त्यामुळे मालकांना नवा संगणक घ्यायला लावावे लागले नाही आणि चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रांवरही काम भागले. कंटेनर ज्यावरून उभा राहतो ती इमेज, म्हणजे तयार साचा, आम्ही आमच्या गाळ्यात तयार करून फाइलच्या रूपात पेनड्राइव्हवर नेत असू. जेथे इंटरनेटचा भरवसा नाही, तेथे हीच पद्धत सोयीची ठरली.

आमचा सर्वांत मोठा धडा मात्र नावाने शिकवला. निरोपांची माहिती कंटेनरबाहेरच्या व्होल्यूममध्ये, म्हणजे डिस्कवरील वेगळ्या जागेत, ठेवायची, एवढे आम्हाला ठाऊक होते आणि तसे आम्ही केलेही होते, म्हणून एका मिलमध्ये जुना कंटेनर काढून नवा चढवताना मन निर्धास्त होते. सर्व्हर सुरूच होईना. होस्टनेम (यंत्राचे नेटवर्कवरचे नाव) दिले नाही, तर डॉकर प्रत्येक नव्या कंटेनरला त्याच्या ओळखक्रमांकावरून नवे नाव देतो. एजॅबर्डीचा मूळ डेटाबेस म्नेशिया मात्र ज्या नोडच्या (चालू असलेल्या सर्व्हरच्या) नावाने तयार झाला, त्या नावाशी बांधलेला असतो. आम्ही स्वतः बांधलेल्या इमेजमध्ये नोडचे नाव होस्टनेमवरून ठरत होते. माहिती जागेवर शाबूत होती. तिचा मालक आपणच आहोत, हे नव्या कंटेनरला पटत नव्हते. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) जुने नाव स्पष्ट लिहिलेले होते, तरी ते नीट वाचायला आम्हाला संध्याकाळ झाली, आणि तोवर फाटकावर माल भरलेले ट्रक तोंडी निरोपांवर सोडावे लागले. जुनेच होस्टनेम देऊन कंटेनर उभा केला, तेव्हा सगळी खाती आणि निरोप जसेच्या तसे परतले. त्यानंतर नाव कायमचे ठरवून दिले आणि निरोपांचा संग्रह पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या वेगळ्या कंटेनरमध्ये हलवला, कारण म्नेशियाच्या डिस्कवरील तक्त्याला दोन जीबीची मर्यादा आहे आणि हंगामी मिलला ती कधी ना कधी गाठावी लागणारच होती.

वेळेचा घोळ त्यामानाने किरकोळ होता. कंटेनरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असल्याने आम्ही छापून दिलेल्या नोंदी साडेपाच तास मागे होत्या. सकाळी दहाचा भाव पहाटे साडेचारचा दिसल्यावर मुनीमजींनी विचारले, "भाऊ, इतक्या पहाटे आमच्या मिलमध्ये चोर येऊन भाव सांगून गेले की काय?" टाइमझोनची एक ओळ घातल्यावर तो प्रश्न मिटला.

वीज जाऊन आली की कंटेनर आपोआप उठावा, अशी सोय आता सर्वत्र आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सर्व्हरचा संगणक पत्र्याच्या शेडमधून काढून हिशेबाच्या खोलीत ठेवण्याचा आग्रह आम्ही धरतो; काही मालक ऐकतात. बॅकअप दर महिन्याला गाळ्यातील सुट्या संगणकावर उतरवून, त्यावरून सर्व्हर खरोखर उभा राहतो की नाही, हे आम्ही पाहतो. प्रत्येक मिलच्या संगणकावर कंटेनरचे होस्टनेम कागदावर लिहून चिकटवलेले असते आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी असते, कारण डाळीच्या भुकटीने पहिला कागद दोन महिन्यांत वाचेनासा झाला होता.