सहा ओळींचं वर्णन आणि एक जुनी स्लाइड

नव्या प्रजातीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचं वर्णन लिहायला मला दीड महिना लागला. एका जुन्या स्लाइडचे नीट फोटो मिळायला अकरा महिने. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

माशी मायमॅरिडी या बारीक परजीवी गांधीलमाश्यांच्या कुळातल्या ॲनाग्रस वंशातली. भातावरच्या तुडतुड्यांच्या अंड्यांत ती आपलं अंडं घालते. कोकणातल्या भातखाचरांतून मिळालेल्या माद्या माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसेनात. सगळ्यांत जवळची एक होती, पण शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात वर्णिलेली, आणि वर्णन सहा ओळींचं. रंग पिवळट, लांबी अमुक, संपलं. या वंशात प्रजात ओळखतात ती शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) कुठल्या खंडावर किती लांबट संवेदी पट्ट्या आहेत, पुढच्या पंखावरचे केस कसे पसरलेत आणि अंडनिक्षेपक (अंडी घालायची नळी) पुढच्या पायाच्या नडगीच्या किती पट लांब आहे यावरून. त्या सहा ओळींत यातलं काहीच नाही. म्हणजे मूळ होलोटाइप, ज्या एका नमुन्यावर त्या प्रजातीचं नाव टिकून आहे तो, बघणं आलं.

संग्रहालयाला पत्र लिहिलं. तीन महिने शांतता. मग कळवलं की टाइप नमुने बाहेर पाठवत नाही, फोटो देऊ. फोटो आले दोन. दोन्ही एकाच पातळीवर फोकस केलेले, मोजपट्टी नाही, अंडनिक्षेपक पोटाखाली धूसर. इतक्या वर्षांत स्लाइडवर नमुना चिकटवायचा डिंक, कॅनडा बाल्समही कोऱ्या चहासारखा काळपट झालेला. पुन्हा पत्र, पुन्हा काही महिने, पुन्हा तसेच फोटो, फक्त थोडे उजळ.

थोडी चूक माझी होती. ‘होलोटाइपचे फोटो हवेत’ एवढंच लिहिलं होतं. संग्रह सांभाळणाऱ्या माणसाकडे लाखो कीटक; त्याला आपल्या पट्ट्यांचं काय पडलंय? तिसऱ्या पत्रात मागणी अशी केली: 40 पटीचं ऑब्जेक्टिव्ह, दोन्ही शृंगिका, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत दर 1 मायक्रॉनला एक फोटो, प्रत्येक फोटोवर मोजपट्टी, नडगी आणि अंडनिक्षेपक पूर्ण लांबीत, लेबलं दोन्ही बाजूंची. आणि ठळक अक्षरांत: फोटो एकत्र जोडू नका, सुटेच पाठवा. सॉफ्टवेअरने थर जोडले की खंडाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पट्ट्या एकाच चित्रात येतात, मग कुठली कुठल्या बाजूची ते कळत नाही. सोबत शृंगिकेची साधी आकृती काढून हव्या त्या खंडांवर बाण केले.

दहा दिवसांत सगळं हजर! त्यांच्या मादीत एका खंडावर पट्टी नाही, आमच्या सगळ्या माद्यांत तिथे एक आहे. दोन्ही शृंगिका मागायच्या त्या यासाठीच. कधीकधी डावी-उजवीत फरक निघतो आणि एकीवर विसंबलं की फसगत होते.

तेव्हा टाइप कुठे आहे हे शोधून पहिलं पत्र आधी टाका, मग नमुने हाताळायला बसा. उत्तर येईपर्यंत बाकीचं होतं.

बाकीचं म्हणजे: माश्या पकडायला पिवळ्या ताटल्यांत पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर मीठ. 24 तासांत उपसा, उन्हात नमुने कुजतात. गाळायला मलमल घ्या, चहाच्या गाळणीतून ही माशी आरामात निघून जाते. यजमान कोण, म्हणजे माशी कुणाच्या अंड्यात वाढते, ते हवं असेल तर तुडतुड्यांची अंडी असलेले भाताचे खोडवे काचनळीत ठेवा. ॲनाग्रस आत असलेली अंडी तांबूस होतात. 95 टक्के अल्कोहोलात शृंगिका ठिसूळ होऊन तुटतात; डीएनएसाठी काही नमुने त्यात, बाकी 70 ते 80 टक्क्यांत. निदान दहा माद्या मोजा. यजमानाचं अंडं लहान तर माशीही लहान, म्हणून नुसत्या लांबीवर भिस्त नको, गुणोत्तरं द्या.

नाव ठेवताना वंशाच्या नावाचं लिंग बघा. ॲनाग्रस पुल्लिंगी, त्यामुळे विशेषण ‘इंडिकस’ होईल, ‘इंडिका’ नाही. ठिकाणाच्या नावाला ‘एन्सिस’ लावलं तर ही भानगडच नाही.

होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवणार ते लेखात लिहिलं नाही तर 1999 नंतरचं नाव ग्राह्य धरत नाहीत. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी आधी करा आणि तिचा पुरावा लेखातच छापा.

आमच्या होलोटाइपच्या दोन्ही शृंगिका आणि पंख वेगवेगळ्या कव्हरस्लिपांखाली सपाट बसवलेत. सुट्या थरांचे फोटो लेखाच्या पुरवणीत टाकलेत, मोजपट्टीसकट. ते मागायला कुणाला पत्र लिहावं लागणार नाही.